द्वारकाबाईचं नाक

बारामती जवळ आली की सुयोग गाडी कडेला घेतो आणि आजीच्या अंगावर फवारा मारतो, ही त्याची नवी खोड द्वारकाबाईला बिलकूल पसंत नव्हती. विचारणं नाही, सांगणं नाही. कन्हेरी मागं पडली की वेग कमी करायचा, एखादी बाभळ बघून थांबायचं, सीटखालून निळी बाटली काढायची आणि फुस, फुस, फुस. पदरावर, पाठीवर, मांडीवरच्या पिशवीवर. जणू ती बाईमाणूस नव्हे, मावा पडलेलं वांग्याचं रोप. मागच्या खेपेला तिनं विचारलं होतं, "कशाचं हाय रं हे?" तर म्हणाला, "जंतूंचं औषध हाय आज्जी. दवाखान्यात जायचं म्हणल्यावर मारावं लागतं." आज तिनं विचारलं नाही. डोळे मिटून, ओठ आवळून तिनं ते तुषार अंगावर घेतले. ह्याचा बाप जाऊन अकरा वर्षं झाली, पण होता तोवर तिच्यापुढं मान वर करून बोलला नाही कधी. आणि हा, जिला आज्जी म्हणतो तिलाच फवारतो. डाळिंबावर मारायचं औषधसुद्धा माणूस आधी वास घेऊन बघतो, असं तिच्या मनात आलं आणि तिथंच तिनं तो विचार थांबवला. वासाशी आला की ती हल्ली कुठलाही विचार तिथंच थांबवायची.

दवाखाना डोळ्यांचा. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून महिना झाला होता, आज नुसती तपासणी होती. सुयोगनं तिला खुर्चीवर बसवलं, चिठ्ठी हातात दिली आणि गाडी नीट लावून येतो म्हणून गेला तो गेलाच. गाडी लावायला एवढा वेळ लागत नाही हे तिला कळत होतं. तो फोनवर असणार, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला गावचा, निरवांगीचा गॅसप्लँट असणार. हल्ली फोन आला की तो तिच्याकडं पाठ करून उभा राहतो, हीसुद्धा नवीच खोड. दवाखान्यातलं थंड हवेचं मशीन बिघडलं होतं आणि एक मेकॅनिक स्टुलावर चढून त्याचं झाकण उघडत होता. शेजारच्या खुर्चीवर एक बाई आणि तिच्या मांडीवर चष्मेवाली पोर. पोरीनं मान वळवली, नाक वर केलं आणि म्हणाली, "आई, मोगरा." बाई हसली. द्वारकाबाईही हसली, कारण पोर गोड होती, आणि मोगरा कुठं माळलाय म्हणून तिनं त्या बाईच्या अंबाड्याकडं पाहिलंसुद्धा. अंबाडा मोकळाच होता. पोरीनं पुन्हा श्वास घेतला, ह्यावेळी लांब, भाजी चाखल्यासारखा, आणि म्हणाली, "आई, मोगऱ्याच्या खाली काहीतरी मेलंय." बाईनं तिला चिमटा काढला. ओशाळून इकडंतिकडं बघितलं. मग जरा वेळानं, पंख्याखाली बसावं म्हणून उठल्यासारखी, पिशवी आणि पोर उचलून ती पलीकडच्या रांगेत गेली.

एवढंच झालं. मेकॅनिकचा पाना तेवढा वाजत राहिला. पण द्वारकाबाईला वाटलं, आपण बसलो आहोत ती खुर्ची हळूहळू उंच होते आहे आणि सगळा दवाखाना खालून आपल्याकडं बघतो आहे. तिनं पदराचं टोक बोटात धरलं, तोंड पुसायचं निमित्त करून नाकाशी नेलं. काही नाही. पांढऱ्या भिंतीला नाक लावल्यासारखं. ओल होती, गारवा होता, लुगड्याचं सूत ओठाला लागत होतं, आणि त्याच्या पलीकडं काहीच नव्हतं. चार वर्षं तिथं काही नव्हतं. त्या साथीत ती सोळा दिवस तापानं फणफणली होती, मरणार म्हणून नातेवाइकांना कळवूनसुद्धा झालं होतं. पण ती घरी आली. पहिल्या सकाळी नातसून वृषालीनं चहा दिला तेव्हा द्वारकाबाई म्हणाली, आल्याची काय टंचाई पडलीय का घरात. वृषाली म्हणाली, "आज्जी, घातलंय की, ठेचून." द्वारकाबाईनं तिला खोटारडी ठरवली. दुपारी कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं आणि कांदा मात्र आला नाही. संध्याकाळी ती गोठ्यात गेली, शेणाच्या पाटीवर वाकली, आणि पहिल्यांदाच घाबरली. खोटारडी कोण ते तिला कळलं होतं, पण वृषालीला ते तिनं कधी सांगितलं नाही.

कुणालाच नाही सांगितलं. कसं सांगणार. गुडघा गेला असता तर सांगितलं असतं, दात गेले तेव्हा हसत सांगितलं होतं. पण नाक. निरवांगीत आणि पार कऱ्हाटीपर्यंतच्या सोयऱ्यांत तिचं नाक ठाऊक होतं. मालकांच्या वेळेला घरचं गुऱ्हाळ होतं, काहिलीत रस उकळत असायचा आणि ती बांधाच्या पल्याडून ओरडायची, "उतरवा, बुडाला लागाय लागलंय." गुळव्या चिडायचा आणि उतरवायचा. मुलगी बघायला गेलेली माणसं येताना तूप आणायची, ते आधी द्वारकाबाईच्या पुढं ठेवायचं, ती झाकण उघडायची, नुसतं उघडायची, आणि म्हणायची, "अर्धं डालडा हाय. सोयरीक करा, पर तूप परत पाठवा." गाईनं गाजरगवत खाल्लं की धार काढायच्या आधी तिला कळायचं. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला गावानं जो मान दिला तो त्या दोन नाकपुड्यांमुळं, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून मग ती नव्यानं शिकली. फोडणी कानानं ऐकायची, मोहरी बोलायची थांबली की लसूण. दुधाची साय बोटानं उचलून बघायची, तुटली की नासलं. कोणी पदार्थ पुढं केला की डोळे बारीक करायचे, मान हलवायची, आणि समोरच्याच्या तोंडावर काय उमटतंय ते बघून निकाल द्यायचा. चार वर्षांत एकदाही पकडली गेली नाही. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

आणि ह्याच नाकाच्या भरवशावर प्लँट उभा राहिला. सुयोग शिकून आला आणि म्हणाला, साखर कारखान्याचा प्रेसमड म्हणजे मळी, गोठ्यांतलं शेण, पोल्ट्रीवाल्यांचं कोंबडीखत, सगळं टाकीत कुजवून गॅस काढायचा. तिला ते नवं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी तिच्या परसात गावातला पहिला गोबरगॅस होता आणि त्याच्यावर तिनं पुरणपोळ्या केल्या होत्या. पण हा राक्षस होता, दोन हिरव्या टाक्या, शेड, नळ्या, धुराडं. ग्रामसभेत लोक म्हणाले, घाण सुटंल, जेवण जाणार न्हाय. तेव्हा ती बायकांच्या बाजूनं उठून उभी राहिली. म्हणाली, "मी रोज सकाळी कुंपनाला फेरी घालीन. ज्या दिवशी मला वास येईल त्या दिवशी माझ्या हातानं कुलूप लावीन."  शेजारच्या पेरूच्या बागेचा झुंबर, मालकांचा जोडीदार, एरवी सभेत विरोधाला पहिल्यांदा उठणारा माणूस, म्हणाला, "वैनींचं नाक असंल तर आमाला दाखला नको." ते बोलताना तिला नाक होतं का? नव्हतं. तेव्हाच जाऊन दोन वर्षं झाली होती. पण नाकापेक्षा शब्द मोठा, आणि वास मुळात येणारच नाही असं सुयोग म्हणत होता, म्हणून तिनं ते खोटं धरलं नाही. प्लँट बसवायला आलेल्या इंजिनिअर पोरीनं तिला दाखवलं होतं: शेडमधली सगळी घाण हवा पंख्यानं ओढायची, नळीतून न्यायची आणि ह्या लांबलचक वाफ्याच्या खालून सोडायची. वाफ्यात नारळाची सोडणं, लाकडाचा चुरा, जुनं शेणखत. त्यातले बारीक जीव वास खाऊन टाकतात. "वास खात्यात?" द्वारकाबाई हसली होती. "हो आजी. फक्त ह्याला ओला ठेवायचा आणि मोकळा ठेवायचा." शेडमधली भट्टीसारखी हवा त्या वाफ्यातून वर येताना हिवाळ्यात दिसायचीसुद्धा, पांढरी, म्हशीच्या नाकातून यावी तशी. त्याला ती वासाचा वाफा म्हणायची. रोज सकाळी कुंपणाला फेरी घालायची, चारी कोपऱ्यांवर थांबायची, छाती भरून श्वास घ्यायची आणि पलीकडून झुंबर बघतोय ह्याची खात्री करून मोठ्यानं म्हणायची, "काय न्हाय."

दोन आठवड्यांपूर्वी झुंबर कुंपणाशी आला होता. पेरूला पिशव्या बांधत बांधत, जणू सहज. म्हणाला, "वैनी, जरा येतोय का ओ वास? मला वाटलं. सून म्हणती खिडकी उघडवत न्हाय." द्वारकाबाई म्हणाली, "भावजी, तुमच्या बागंतली गळलेली पेरू आधी उचला. सडून पडल्यात." तो थोडा वेळ हातातल्या पिशवीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "वैनी न्हाय म्हणत्यात तर न्हाय." आणि गेला. गावातल्या पोरांनी प्लँटच्या विरोधात अर्ज लिहिला, त्यावर त्यानं सही केली नाही, हे तिला प्लँटवर झाडलोट करणाऱ्या सारजाकडून कळलं होतं आणि तिला तेव्हा अभिमान वाटला होता. आता ह्या खुर्चीवर बसून तिला त्याचा चेहरा दिसत होता. स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवावा की वैनींच्या, असं कोडं पडलेला म्हातारा माणूस. घरी जाऊन त्यानं सुनेला काय सांगितलं असेल? खिडकी लाव म्हणून सांगितलं असेल. आणि वृषाली. बायका सातव्यात माहेरी जातात, ही पाचव्यातच कन्हेरीला जाऊन बसली. विचारलं तर म्हणाली, पोटात अन्न टिकत नाही. द्वारकाबाई चार बायकांत म्हणाली होती, आजकालच्या पोरींची नाटकं. पदर पुन्हा नाकाशी गेला. पुन्हा पांढरी भिंत.

पण वाफा तर होता. वाफा असताना वास कसा? हाच प्रश्न तिच्या डोक्यात डासासारखा घोंघावत होता तेव्हा स्टुलावरच्या मेकॅनिकनं मशीनमधून एक जाळी ओढून काढली. जाळी कसली, घोंगडी. धुळीचा जाड थर तिच्यावर असा बसला होता की पलीकडचं दिसत नव्हतं. "बघा मॅडम," तो काउंटरवरच्या मुलीला म्हणाला, "सगळी बुजलीय. मशीन नुसतं धापा टाकतंय. हवेला वाट नाही म्हणल्यावर ती करणार काय, मिळंल तिकडनं फुटणार." आणि द्वारकाबाईच्या हातातली चिठ्ठी हळूच मांडीवर पडली. तिला कणगी दिसली. सासूबाईंच्या वेळची धान्य भरायची बांबूची कणगी, माणूसभर उंच, आणि नवी नवरी असलेली ती स्वतः, कोपरापर्यंत शेणमातीनं माखलेली. सासूबाई म्हणायच्या, फटीतनं सुईसुद्धा जाता कामा नये, हवा गेली की किडा गेला. तिनं लिंपलेल्या कणगीत कधी किडा गेला नाही. शेणानं लिंपलं की हवा जात नाही, हे तिला सांगायला कुणी इंजिनिअर लागणार नव्हता. हे तिच्या बोटांना ठाऊक होतं, पन्नास वर्षं. आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, मशिनींची पूजा, पाहुणे यायचे, आणि फाटकातून आत शिरल्या शिरल्या तो वाफा, सोडणं विस्कटलेली, उकिरड्यासारखा. तिनं सारजाला हाक मारली होती. "हे असं उघडं नागडं काय ठेवायचं पूजेला? चांगलं लिंपून काढ." सारजानं घट्ट शेणकाला केला, दोघींनी मिळून वाफा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवून काढला, गुळगुळीत, ओट्यासारखा. वाळल्यावर तिनं स्वतः त्यावर रांगोळी घातली, स्वस्तिक आणि गाईची पावलं. पाहुणे म्हणाले, काय स्वच्छता आहे. तिची छाती फुगली. तेव्हापासून दर चार दिवसांनी सारजा हात फिरवते आणि ती शेजारी उभी राहून, "हितं राह्यलं, हितं बघ," म्हणून फिरवून घेते.

काउंटरवरच्या मुलीनं तिचं नाव पुकारलं. द्वारकाबाई उठली, म्हणाली, "आज न्हाय," आणि भिंतीला धरत बाहेर आली. सुयोग पायरीशी पाठ करून फोनवर बोलत होता. "अहो, मशीनची वेळ वाढवा, दर दहा मिनिटाला फवारू द्या," असं काहीतरी. ती त्याच्या मागं उभी राहिली. त्यानं वळून बघितलं आणि फोन न तोडताच खिशात घातला.

"झालं एवढ्यात?"

"गाडीत चल. बाटली काढ."

"कुठली बाटली?"

"मला फवारायची."

त्यानं काढली. महिनाभरापूर्वी मोकळ्या झालेल्या डोळ्यानं तिनं ती उन्हात धरून बघितली. अक्षरं इंग्रजी होती, पण चित्र इंग्रजी नव्हतं. "जंतूंच्या औषधावर फूल कशापायी काढलंय?"

सुयोगनं किल्ली फिरवली. गाडी निघाली. बारामतीची दुकानं मागं गेली, उसाचे फड दोन्ही बाजूंनी आले. कन्हेरीचा फाटा गेला, तेव्हा ती बोलली.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"काय?"

"नाक."

त्यानं आरशात बघितलं, पुन्हा रस्त्याकडं. "दोन वरसं. रावजीमामाला नासलेल्या दुधाचा चहा दिलास आन म्हणालीस, वास बघा कसा खमंग सुटलाय. मामानं गप पिला. मला बाहीर येऊन सांगितलं."

"रावजीनं पिला?"

"दोन कप. तू दुसरा वाढलास."

तिला हसू येईल असं एक क्षण वाटलं. आलं नाही. "म्हंजी दोन वरसं मी कुंपनाला फिरतीय, काय न्हाय, काय न्हाय म्हणून वरडतीय, आन तू बघतूयास."

"तवा खरंच नव्हता आज्जी वास. दोन वरसं काय नव्हतं. तुझं खरंच होतं."

"आन वाफा?"

त्यानं एक उसाचा ट्रॅक्टर मागं टाकला, मग म्हणाला, "पूजेच्या सकाळीच बघितला. पंखा तापून बंद पडाय लागला. आता बंदच ठेवलाय. सतरा दिवस झाले."

"मग फोडायचा व्हता."

"त्यावर तू रांगोळी काढली हुतीस."

"खराटा नव्हता का घरात?"

"पाहुण्यांपुढं? तुझ्या? नंतर म्हणलं सांगू. मग तू सारजाला घिऊन दर चार दिवसाला तितं उभी. कसं सांगायचं मला सांग. वाफ्याचं सांगितलं तर वासाचं आलं, वासाचं सांगितलं तर नाकाचं आलं. झुंबरआबापुढं तुझी मान खाली गेली असती." त्यानं गिअर बदलला. "म्हणून एका कंपनीचं अत्तर फवारायचं मशीन आणलं. डासांचं म्हणून सांगितलं तुला. पण मोगऱ्यानं झाकत न्हाय ते. उलट जास्तच घाण येती. अंगाला बसती. वृषाली फोनवरसुद्धा म्हणती, तुमचा वास येतोय."

द्वारकाबाई खिडकीतून बघत राहिली. राग यायला हवा होता तो येत होता, पण तो नक्की कुणावर ते ठरत नव्हतं; एकदा सारजावर जायचा, एकदा रावजीच्या त्या दोन कपांवर, एकदा चाळीस वर्षांपूर्वीच्या पुरणपोळ्यांवर. सगळ्यांना ठाऊक असणार. सगळे तिच्याभोवती पायांचा आवाज न करता हिंडत होते, घरात आजारी माणूस निजलेलं असल्यासारखे. ती समजत होती की आपण राखण करतो आहोत, आणि गाव तिचीच राखण करत होतं. ही दया. हिला वास नसतो म्हणतात, पण हिचा तिला आता आला, घशाच्या मागं, चिकट.

प्लँटच्या फाटकात गाडी थांबायच्या आधीच तिनं दार उघडलं. वाफा उन्हात चकाकत होता. रांगोळीचं एक पाऊल अजून शिल्लक होतं. सारजा पाटी घेऊन येतच होती, तिला तिनं हातानंच थांबवलं आणि सुयोगला म्हणाली, "दाताळं आण." त्यानं आणलं. पहिला घाव पडला तसा पापुद्रा भाकरीसारखा उचलला गेला आणि खाली सोडणं दिसली, कोरडी ठक्क, करपलेली. तो एका टोकापासून उकरत निघाला, तिनं मागून पाण्याची नळी धरली, सारजानं हातानं ढेकळं वेचली. अर्धा वाफा झाल्यावर ती म्हणाली, "पंखा लाव." घरघर झाली. तिनं लुगडं सावरून वाकून तळहात वाफ्यावर धरला. आधी काही नाही. मग हवा आली. ऊन, ओली, गाईनं हात हुंगावा तशी. नाकाला नाही कळली, हाताला कळली. ती तशीच वाकून राहिली, कंबर दुखेपर्यंत.

"लगेच न्हाय जायचा वास," सुयोग घाम पुसत म्हणाला. "जीव मेलेत आतले. परत धरायला पाच-सहा दिवस जातील."

"तवर कोंबडीखताची गाडी आत घ्यायची न्हाय."

"आज्जी, उद्याची गाडी ठरलीय."

"माघारी जाईल."

कुंपणाच्या खांबावर बसवलेलं ते मशीन तेवढ्यात आपल्या वेळेला जागं झालं. फुस. पलीकडं पेरूच्या झाडाखाली झुंबर उभा होता, हातात पिशव्यांची माळ, कधीपासून उभा होता कोण जाणे. त्यानं मान दुसरीकडं वळवली, न बघितल्यासारखी. तीही दयाच. द्वारकाबाई चालत खांबापाशी गेली, मशीनची वायर धरली आणि उपटली. मग ती कुंपणाकडं तोंड करून उभी राहिली आणि बोलली मात्र सुयोगशी, ग्रामसभेत बोलली होती त्या आवाजात, बागेच्या शेवटच्या ओळीपर्यंत जाईल अशा.

"सुयोग, ऐक. माझं नाक चार वरसांमागं गेलं. सभेत बोलले तवाबी नव्हतं. वाफा मी लिंपला, सारजानं न्हाय, मी. झुंबरभावजींना वास येत व्हता तो खरा व्हता आन मी त्यांना खोटं पाडलं. हे पाच-सहा दिस हितं कुलूप लागंल, माझ्या हातानं, बोलले तसं. म्होरं रोज सकाळी फेरी भावजी घालतील, त्यांना वेळ असंल तर. आता तुझं." ती वळली. तो दाताळं धरून उभा होता, सहा फुटी, लहान. "माझी लाज राखलीस म्हणतूस. कुणी मागितली व्हती? माणसाला न इचारता अत्तर दोनदाच लावत्यात, लग्नात आन तिरडीवर. माझं लगीन हून पन्नास वरसं झाली, आन मी अजून मेले न्हाय. चूक माझी हाय. तिला मोगरा लावायचा न्हाय."